साहेब कोन्या हेलिकॉप्टरात?

[आकाशात तीन हेलिकॉप्टरं. खाली नागपूरच्या सोनेगाव परिसरातल्या गच्च्या.]

सोनेगावच्या विमानतळावरून उडालेली ही वायुदलाची तीन एमआय-१७. रंग एक, बांधा एक. गच्चीवरचे आजोबा डोळ्यांवर हात धरून विचारतात, “कोन्या हेलिकॉप्टरात बसले असन साहेब?” ते खालून कळू नये, हाच तर हेतू आहे. शिवाय सुरक्षारक्षक सोबत लागतात, आणि एखादं हेलिकॉप्टर अडलं तर दुसरं हाताशी हवं.

राष्ट्रपती किंवा पंतप्रधान विदर्भात येतात तेव्हा मोठं विमान नागपुरात उतरतं आणि वर्धा-यवतमाळकडचा टप्पा बहुधा असा पार पडतो. हे काम मुख्यतः एअर हेडक्वार्टर्स कम्युनिकेशन स्क्वाड्रनचं, म्हणजे अतिमहत्त्वाच्या व्यक्तींना नेणाऱ्या वायुदलाच्या तुकडीचं. ठिकाण दिल्लीतलं पालम, स्थापना १९४७ची. मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर मात्र वेगळं, ते वायुदलाचं नसतं. हिवाळी अधिवेशनात हा घोळ दरवर्षी होतो.

[मोकळं मैदान. रोलर, पाण्याचा टँकर.]

हेलिकॉप्टरं तीन, म्हणून हेलिपॅडही तीन. मुरूम दाबायचा, चुन्यानं ‘एच’ आखायचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक उभारायचा आणि भरपूर पाणी मारायचं. एमआय-१७च्या मुख्य पंख्याचा व्यास २१ मीटरच्या वर आहे. म्हणजे एकेक पातं जवळजवळ एसटीच्या गाडीएवढं, आणि अशी पाच. सुकी माती राहिली तर शेवटच्या क्षणी वैमानिकाला जमीनच दिसत नाही. त्यासाठी आदल्या दिवशी उतरून बघण्याची तालीम होते.

[काचेची बरणी. मागे हेलिकॉप्टरची शेपटी.]

आता ही बरणी नीट बघा. टाकीच्या तळातून काढलेलं इंधन उजेडासमोर धरलंय. पाणी असेल तर ते खाली वेगळं दिसतं. थेंबभर दिसलं तरी पुन्हा काढायचं, पुन्हा बघायचं. हा हात शेपटीच्या छोट्या पंख्याच्या कडेवरून फिरतोय. डोळ्याला न दिसलेला ओरखडा बोटाला लागतो. नंतर ‘फॉर्म ७००’, म्हणजे हेलिकॉप्टरच्या तपासणी-दुरुस्तीची नोंदवही. आधी तंत्रज्ञांच्या सह्या, मग वैमानिकाची. त्या सह्यांशिवाय पंखा फिरत नाही, मग आत कोणीही बसलेलं असो.

आणि हे सगळं मे महिन्यात, ४५ अंशांत. तापलेली हवा विरळ होते, इंजिनाची ताकद घटते, पंख्यालाही उचल कमी मिळते. कमाल १३ टन वजन घेऊन उडू शकणारं हे यंत्र मग हिशेबानंच भरावं लागतं. माणसं किती, इंधन किती, सगळं मोजून.

[वायुसेना नगरचा रस्ता, फुटाळा तलाव.]

फुटाळ्यावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की इथंच, वायुसेना नगरात, अख्ख्या वायुदलाची देखभाल-दुरुस्ती सांभाळणाऱ्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे? एमआय-१७चं ओव्हरहॉल करणारा चंदीगडचा ३ बेस रिपेअर डेपो याच कमांडच्या हाताखाली येतो. १९ नोव्हेंबर २०२२च्या एअर फेस्टला अर्धं नागपूर इथं लोटलं, टाळ्या हवाई कसरती करणाऱ्या सूर्यकिरण पथकाच्या विमानांना मिळाल्या. मिळायलाच हव्यात. पण पाना हातात घेणाऱ्यांच्या वाट्याला त्यातल्या दोन-चार तरी याव्यात.

[संग्रहित छायाचित्रं.]

खास अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी २०१०मध्ये १२ ऑगस्टा हेलिकॉप्टरांचा करार झाला, लाचखोरीच्या आरोपांनंतर जानेवारी २०१४मध्ये तो रद्द झाला. भार पुन्हा एमआय-१७वर. ८ डिसेंबर २०२१ला तमिळनाडूतल्या कुन्नूरजवळ सुलूरच्या युनिटचं एमआय-१७ व्ही-५ कोसळलं, संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्यासह १४ जण गेले. चौकशीत यांत्रिक बिघाड आढळला नाही. अचानक बदललेल्या हवामानात हेलिकॉप्टर ढगांत शिरलं आणि वैमानिकाला दिशाभ्रम झाला, असं निघालं.

[मैदान. सभा संपून गर्दी पांगतेय.]

नेते परतीच्या विमानात बसले की वाहिन्यांचे कॅमेरे बंद होतात. सोनेगावला मात्र इंजिनं थंड होईपर्यंत शिडी लागलेली असते. मैदानावरची किती धूळ आत गेली, ते तपासून फॉर्म ७००मध्ये लिहायचं असतं.