मेंढा (लेखा): आधी अभ्यास, मग निर्णय

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालात की वाटेत लेखा लागतं, त्याला लागूनच मेंढा. गोंड आदिवासींचं छोटंसं गाव, चहूबाजूंनी जंगल. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा इथलीच.

घोषणा काय, कुणीही देतं हो. पण इथे लोक त्यासाठी वर्षानुवर्षं बसून शिकलेत, आणि मला तेच सगळ्यात मोठं वाटतं. गावात अभ्यास गट चालतो. देवाजी तोफा गावातले, मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले, असे सगळे एकत्र बसून कायदा वाचायचे, जंगलाबद्दल बोलायचे, मधमाश्या न मारता मध कसा काढायचा यावरही चर्चा करायचे. अभ्यास गटात बाहेरचा माणूस चालतो, पण तिथे निर्णय होत नाही, निर्णय फक्त ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने. हात वर करून मतं मोजायची नाहीत. एकाला जरी पटलं नाही तरी विषय पुढच्या सभेला, परत बोलायचं, परत ऐकायचं. वेळ जातो, खूप जातो, पण मतदानात हरलेला गट मनात राग धरून घरी जातो ना, तो प्रकारच इथे होत नाही. गावात शांतता टिकते ती अशी.

आता बांबूचं बघा. पूर्वी इथला बांबू लीजवर कागद कारखान्याला जायचा. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये गावाला साधारण 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागायचा आणि तो काही मिळत नव्हता. कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, म्हणजे इमारती लाकूड नव्हे तर गावाने गोळा करून विकायचा जंगलातला माल, हे गावकऱ्यांना माहीत होतं कारण त्यांनी तो वाचला होता, म्हणून ते मागे हटले नाहीत. शेवटी एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. मग टेंडर ग्रामसभेनेच काढलं, हिशोब ग्रामसभेने ठेवला, ग्रामसभेच्या नावाने पॅन कार्डसुद्धा काढलं!

2013 मध्ये गावाने ग्रामदान केलं, म्हणजे जमीन कसायची ज्याची त्याने, मालकी मात्र अख्ख्या गावाची. स्वतःच्या सातबाऱ्यावरचं नाव सोडायचं म्हणजे काय, हे शेतकऱ्याला विचारा. आणि हा निर्णयसुद्धा बहुमताने नाही, सगळ्यांना पटल्यावरच झाला.