धुकं आखून काढणारा चित्रकार : कास्पर डाविट फ्रीडरिश

मित्रहो,

पत्रिकेत विषय छापला आहे 'फ्रीडरिशचं आयुष्य आणि कारकीर्द'. ते सांगेनच, पण आधी एक समज खोडून काढायचा आहे आणि त्याला वेळ लागेल. या जर्मन चित्रकाराच्या चित्रातला, धुक्याच्या समुद्राकडे बघत खडकावर उभा असलेला तो पाठमोरा माणूस तुम्हां सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पुस्तकांची मुखपृष्ठं, पोस्टरं, मोबाइलचे वॉलपेपर, कुठेही गेलात तरी हा आपला पाठ करून उभाच! त्यातून सर्वत्र असं ठरून गेलंय की चित्रकार डोंगरावर गेला, भारावला आणि समोर दिसलं ते रंगवून आला.

तसं काहीही झालेलं नाही. 1818 च्या सुमाराचं, साधारण 95 बाय 75 सेंटिमीटरचं ते चित्र जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातल्या एका जवळजवळ रिकाम्या खोलीत जुळवलेलं आहे. पायाखालचा खडक आहे कायझरक्रोन नावाच्या टेकडीवरचा. तो त्यानं पेन्सिलीनं रेखाटला 3 जून 1813 ला. फ्रेंच सैन्यामुळे ड्रेस्डेन सोडून तो तेव्हा एल्बे नदीकाठच्या क्रिपेन गावी राहिला होता. मधले सुळके आहेत राटेनजवळच्या गामरिगचे, उजवीकडचा ठोकळा त्सिर्कलश्टाइनचा. ही सगळी ठिकाणं एल्बेच्या वालुकाश्माच्या डोंगरांत आहेत, पण कुठल्याही एका जागी उभं राहून ती अशी दिसत नाहीत. माणूस चित्राच्या बरोबर मध्यरेषेवर आहे आणि दोन्ही बाजूंचे उतार खाली येत त्याच्या छातीपाशी मिळतात. इतकं नेमकं जुळणं निसर्गात सापडत नाही, ते आखावं लागतं.

आपल्याकडे निसर्गचित्र म्हटलं की ऑन द स्पॉट. बोर्ड, पाण्याची बाटली, टोपी, आणि ऊन सरकायच्या आत चित्र संपवायचं. फ्रीडरिशची पद्धत याच्या उलट होती. बाहेर तो रंगवत नसे, नोंदी घेत असे. कागदावर पेन्सिलीनं एक झाड, एक खडक, आणि शेजारी तारीख. डोळ्याची पातळी कुठे आहे, म्हणजे क्षितिजरेषा कुठे येते, याची खूणही तो करून ठेवी. ही खूण फार कामाची. पाच वर्षांनी तेच झाड दुसऱ्याच चित्रात लावायचं, तर ते आपण खालून पाहिलं होतं की समोरून, हे कळायला हवं. नाहीतर झाड हवेत तरंगतं किंवा जमिनीत रुततं. खूण असल्यामुळे एकच ओक, एकच फर त्याच्या कितीतरी चित्रांत बेमालूम बसले आहेत.

आता ती खोली. त्याचा मित्र गेओर्ग फ्रीडरिश केर्स्टिंग यानं त्याला स्टुडिओत काम करताना रंगवलं आहे, एकदा नव्हे, अनेकदा. चित्रं मिळाली तर जरूर बघा. भिंतीवर पॅलेट, पट्टी, गुण्या आणि टी-स्क्वेअर टांगलेले. हो, टी-स्क्वेअर, ड्राफ्ट्समनच्या टेबलावरचा! खिडकीचा खालचा भाग फळ्यांनी बंद, उजेड फक्त वरून. त्यामुळे प्रकाश एका दिशेनं, एकसारखा येतो आणि बाहेरचा रस्ता दिसत नाही. रंगांची पेटी, तेलाच्या बाटल्या, चिंध्यासुद्धा तो शेजारच्या खोलीत ठेवी.

कामाचा क्रम त्याच्या डॉक्टर मित्रानं, कार्ल गुस्टाफ कारुसनं लिहून ठेवला आहे. आधी चित्र मनात पूर्ण उभं राहू द्यायचं. मग ताणलेल्या कॅनव्हासवर खडू आणि पेन्सिलीनं हलकी रेघ. मग बोरू आणि शाईनं सगळं रेखाटन पक्कं करायचं. त्यानंतर लगेच अंडरपेंटिंग, म्हणजे रंगाचा पहिला, पायाचा थर, आणि वर पातळ थरांमागून थर.

हे पातळ थर आले सेपियातून. सेपिया म्हणजे माकुळाच्या शाईचा तपकिरी रंग. याकोप सायडेलमान या चित्रकारामुळे ड्रेस्डेनमध्ये तो जोरात होता. त्यात पांढरा रंग नसतोच. चंद्र हवा तर कागद कोरा सोडायचा आणि भोवती वॉश, म्हणजे पाणचट रंगाचे हात, एकावर एक चढवायचे. आधीचा थर ओला असताना हात लावलात तर डाग पडतो. एकदा गडद झालेलं परत उजळ करता येत नाही. म्हणून आधी विचार, मग ब्रश. 1805 साली कवी ग्योथेच्या वायमारमधल्या स्पर्धेत त्याला विभागून बक्षीस मिळालं ते सेपियाच्याच दोन चित्रांना. तेलरंगाकडे तो नंतर वळला आणि हीच शिस्त सोबत घेऊन गेला.

त्याचा तोटाही समजून घ्या. पातळ रंगाचं चित्र साफ करताना जरा जास्त घासलं की वरचा थर जातो, आणि त्याच्या धुक्याचा सगळा खेळ वरच्या थरातच असतो. उलट, वॉर्निश पिवळं पडलं की निळं आकाश मळकट हिरवं दिसतं. बर्लिनचं 'समुद्राकाठचा साधू' हे चित्र असंच काळवंडलं होतं. 2013 ते 2016 मध्ये ते स्वच्छ केलं तेव्हा निळाई परत आली. इन्फ्रारेड तपासणीत रंगाखाली जहाजंही सापडली. शाईनं रेखाटलेली ती जहाजं त्यानं रंगवताना गाळली. उरला एक साधू, वाळूची पट्टी, काळं पाणी आणि तीन-चतुर्थांशाहून जास्त आकाश. ही रिकामी जागा आधी भरून, मग विचार करून रिकामी केलेली आहे. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वांत धाडसी निर्णय.

आणि एक भांडण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1808 च्या नाताळात त्यानं स्टुडिओत एक चित्र लोकांसाठी मांडलं. डोंगरमाथा, फरची झाडं, क्रूस, मागे मावळतीचे किरण, आणि क्यून या शिल्पकारानं कोरलेली सोनेरी चौकट. जानेवारी 1809 मध्ये रामडोर नावाच्या समीक्षकानं त्यावर जोरदार हल्ला केला. पुढचा भाग गायब आहे, डोंगर दूरचा असून झाडाची पानंपानं दिसतात, बघणारा नक्की उभा कुठे आहे, आणि निसर्गचित्रानं चर्चच्या वेदीवर चढायचं काम काय! गंमत म्हणजे त्याचं निरीक्षण अचूक आहे. बघणाऱ्याला उभं राहायला जागा नाहीच. फक्त रामडोरला ती चूक वाटली, आणि फ्रीडरिशनं ती मुद्दाम केली होती. मित्रांनी त्याच्या बाजूनं लेख लिहिले, त्यानं स्वतःही खुलासा केला. इतकं होऊन ते चित्र वेदीवर गेलंच नाही. बोहेमियातल्या टेचेनच्या किल्ल्यात काउंट थून यांच्या कुटुंबानं ते शयनगृहात टांगलं!

दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा आता आयुष्य. जन्म 5 सप्टेंबर 1774, बाल्टिक किनाऱ्यावरचं ग्राइफ्सवाल्ड, तेव्हा स्वीडनच्या ताब्यात. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवणारे. 1781 मध्ये आई गेली, 1787 मध्ये भाऊ बर्फाखाली बुडाला. चरित्रकार या एका प्रसंगाला त्याची सगळी चित्रं टांगतात, ते मला पटत नाही. 'बर्फाचा समुद्र' हे 1823-24 चं चित्र घ्या. 1820-21 च्या हिवाळ्यात एल्बेवर बर्फाचे तुकडे साचले, तेव्हा त्यानं त्यांचा तेलरंगात अभ्यास केला. एरवी तो करत नसे अशी गोष्ट त्यानं केली. तो कधीच न गेलेल्या आर्क्टिकचं चित्र त्या तुकड्यांतून उभं राहिलं. ते त्याच्या हयातीत विकलं गेलं नाही.

शिक्षण : 1794 पासून कोपनहेगनची अकादमी, तिथे प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, आपल्या जेजेच्या जुन्या विद्यार्थ्यांना हे ओळखीचं वाटेल. 1798 पासून ड्रेस्डेन. 1810 मध्ये 'साधू' आणि त्याचं जोडचित्र प्रशियाच्या राजानं घेतलं, राजपुत्राच्या आग्रहावरून. 1816 मध्ये ड्रेस्डेनच्या अकादमीचं सभासदत्व आणि वर्षाला 150 थालर (तेव्हाचं जर्मन चलन). 1818 मध्ये कारोलिने बोमरशी लग्न, पुढे तीन मुलं. 1824 मध्ये प्राध्यापक ही उपाधी मिळाली, निसर्गचित्रणाचा वर्ग मात्र मिळाला नाही. तोवर लोकांची आवड मोकळ्या, वाहत्या हाताकडे गेली होती. फ्रीडरिशच्याच घरात राहणारा नॉर्वेजियन मित्र योहान क्रिस्टियान दाल भराभर लोकप्रिय झाला. 26 जून 1835 ला पक्षाघाताचा झटका आला. मोठे कॅनव्हास झेपेनात, तेव्हा तो पुन्हा सेपियाकडे गेला. 7 मे 1840 ला ड्रेस्डेनमध्ये मृत्यू.

मग जवळजवळ विस्मरण. 1906 च्या बर्लिन प्रदर्शनानं त्याला वर आणलं, 1931 मध्ये म्युनिकच्या ग्लासपालास्ट या प्रदर्शनगृहाच्या आगीत त्याची नऊ चित्रं जळाली, नंतर नाझींनी त्याला आपला म्हणून मिरवलं आणि युद्धानंतर बराच काळ ते नाव अवघडल्यासारखं झालं. 2024 मध्ये जन्माची 250 वर्षं हाम्बुर्ग, बर्लिन आणि ड्रेस्डेन या तिन्ही शहरांत मोठ्या प्रदर्शनांनी साजरी झाली.

तिथे कधी जाल तर संग्रहालयाला आधी विचारा की रेखाटनं मांडली आहेत का. उजेडानं कागद खराब होतो, म्हणून ती थोडे दिवस बाहेर काढून पुन्हा अंधारात ठेवतात. मांडलेली असली तर आधी तिकडे जा, क्षितिजाच्या खुणा शोधा, आणि मग तेलचित्रांच्या दालनात शिरा.