तिरकी घ्या शेठ

(दृश्य: जयगडची जेटी, सकाळ. उतारावर एक बुटकी लाल गाडी, मागे तिच्यासारख्याच अजून काही, आणि त्यांच्यामागे मच्छीचा टेम्पो.)

"तिरकी घ्या शेठ, तिरकी… डावं चाक आधी… हां, बास. आता सोडा हळूच."

हा आवाज फेरीबोटीवरच्या खलाशाचा. आणि ज्याला तो ओरडतोय तो रत्नागिरीतला हाडांचा डॉक्टर, आयुष्यभराची हौस म्हणून सेकंड हँड पोर्श केमन घेतलेला. गाडी रस्त्यापासून जेमतेम चार-पाच इंच वर. त्यामुळे बोटीच्या फळीवर सरळ चढवली की पुढचा बंपर घासलाच म्हणून समजा. तिरकी घेतली की एकेक चाक चढतं आणि नाक वाचतं. खलाशाला हे कोणी शिकवलेलं नाही, त्याने गेल्या काही वर्षांत इतके बंपर घासताना बघितलेत की आता त्याला गाडी लांबून दिसली तरी कळतं, हिला फळकुटं लागणार की नाही.

डॉक्टर ज्या गाडीवेड्यांबरोबर निघालेत, तो ग्रुप तसा साधाच आहे, क्लब म्हणावा तर कार्यालय नाही, पावती नाही, फक्त व्हॉट्सॲप आणि वर्षातून एक-दोन ट्रॅक डे, म्हणजे रेसट्रॅकवर आपली गाडी पळवायचे दिवस, आणि जमेल तेव्हा एक रविवारची चक्कर. गाड्या म्हणाल तर सगळ्या स्पोर्ट्स कार अजिबात नाहीत. एक केमन, मुंबईहून येणारी एक बीएमडब्ल्यू झेडफोर, एक स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, आणि बाकी मग कुडाळच्या मॅडमची पोलो जीटी, चिपळूणच्या गॅरेजवाल्या भाऊंची पालिओ 1.6, आणि पावसजवळच्या एका आंबा बागायतदारांची जुनी होंडा सिटी व्हीटेक, 2001 ची, रंग उडालेला, इंजिन मात्र असं की बाकीचे लोक बॉनेट उघडून बघतात आणि गप्प बसतात. आमच्या मते या ग्रुपची खरी स्पोर्ट्स कार तीच, पण ते डॉक्टरांसमोर बोलायचं नाही.

बरं, चक्कर कधी काढायची हे इथे कॅलेंडरच्या लाल तारखेवर ठरत नाही, तिथीवर ठरतं. किनाऱ्यावरच्या माणसाला हा हिशोब पाठ असतो, तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. द्वादशीला बाराचे पाऊणपट नऊ, म्हणजे नवाच्या सुमारास भरती, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे. भरतीला बोट जेटीच्या वरच्या अंगाला लागते आणि चढ कमी राहतो. ओहोटीला तीच बोट खाली जाते, जेटीचा शेवाळलेला उतार उघडा पडतो आणि मग डॉक्टरांची गाडी इकडेच राहते. म्हणून हे लोक द्वादशीच्या आसपासचा रविवार शोधतात, रत्नागिरीहून सातला निघतात, आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे, मालगुंड करत नऊच्या आत जयगड. मुंबईहून नवीन आलेल्या मेंबरला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याला वाटलं एकादशीचा उपास सोडून निघायचंय की काय.

(दृश्य: आरे-वारेचा रस्ता, वरून. डावीकडे समुद्र, उजवीकडे जांभ्याचा डोंगर.)

आता हा रस्ता बघा. रत्नागिरी ते गणपतीपुळे या बाजूने पंचवीसेक किलोमीटर, निवळी फाट्यावरून गेलात तर जवळजवळ दुप्पट. कोकणात गाडी चालवणाऱ्या कोणालाही विचारा, आवडता रस्ता कुठला, दहातले सात जण हाच सांगतील. आणि नेमकी हीच अडचण आहे, कारण हा रस्ता बघितला की पाय आपोआप खाली जातो. मागच्या सीटवर मित्र, हातात मोबाईल, रील चालू, आणि वळणापलीकडे काय आहे ते कोणालाच दिसत नाही. काय असतं पलीकडे? कधी म्हशी, कधी नारळ उतरवायला रस्त्यातच लावलेला टेम्पो, कधी सेल्फीसाठी कठड्यावर चढलेलं अख्खं कुटुंब.

हा ग्रुप इथून चाळीस-पन्नासने जातो. खरंच. आम्ही कॅमेरा घेऊन मागे होतो, आम्हाला आधी वाटलं आमच्यासाठी हळू चालवतायत, मग कळलं की रोजचंच आहे. मागून एक भाड्याची जीप हॉर्न वाजवत केमनला ओव्हरटेक करून गेली, आतली पोरं खिडकीतून ओरडली, "काका, गिअर टाका!" डॉक्टरांनी हात दाखवला आणि जाऊ दिली.

तीनशेच्या आसपास घोडे असलेली गाडी घेऊन माणूस जीपला पुढे का जाऊ देतो, याचं उत्तर आरे-वारेत मिळत नाही. ते इथून हजारेक किलोमीटरवर आहे, कोइम्बतूरला.

(दृश्य: कारी मोटर स्पीडवे. पहाटे गाड्यांची रांग, हेडलाइटवर चिकटपट्टी.)

कोकणात रेसट्रॅक नाही. महाराष्ट्रातच मुळात हा प्रकार कमी, त्यामुळे ट्रॅक डे म्हटलं की दक्षिणेकडे तोंड करायचं. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, 3.7 किलोमीटरचा. दिल्लीकडे ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, 5.125 किलोमीटर, तिथे 2011 ते 2013 फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा व्हेटेलच जिंकला. पण या लोकांचा लाडका कोइम्बतूरचा कारी. छोटा, 2.1 किलोमीटर, वळणंच वळणं, म्हणजे मोठ्या इंजिनाचा माज चालत नाही आणि जुन्या व्हीटेकला संधी मिळते. कारी हे नाव एस. करिवर्धन यांच्यावरून. मारुती 800 चं इंजिन टाकून एक सीटच्या रेसिंग गाड्या बनवणारा हा माणूस, 1995 मध्ये विमान अपघातात गेला, आणि ट्रॅक सुरू झाला 2003 मध्ये. भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन पण याच गावचा.

सकाळी आधी ब्रीफिंग. सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, बंद बूट, हेल्मेट. गाडीतलं सुटं सगळं बाहेर, पाण्याची बाटली, पायपुसणी, डॅशबोर्डवरचा गणपती सुद्धा, त्यावरून दरवेळी कुरकुर होते, पण बाटली पॅडलखाली गेली तर काय होईल हे एकदा समजावलं की गणपतीही मुकाट्याने बॅगेत जातो. मग झेंडे. पिवळा म्हणजे पुढे काहीतरी झालंय, हळू व्हा, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे सेशन बंद. निळा म्हणजे मागे तुमच्यापेक्षा वेगवान गाडी आहे, आरसा बघा. काळा दाखवला तर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यात, या आणि काय चुकलं ते ऐका. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यात, आणि तेही पुढच्याने हात करून बाजू दाखवली तरच. म्हणजे ट्रॅकवर, जिथे समोरून कोणी येणारच नाही तिथे, परवानगीशिवाय ओव्हरटेक नाही. आता हे मुंबई-गोवा हायवेवर सांगून बघा कोणाला.

पंधरा-वीस मिनिटांचं एकेक सेशन. ऐकायला कमी वाटतं, पण पहिल्यांदा जाणारा माणूस दहाव्या मिनिटाला घामाने भिजलेला असतो. आणि त्याच्या आधी गाडी दमते. इंजिन नाही, ब्रेक.

इथे चिपळूणचे भाऊ कामाला येतात. ट्रॅकला निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक गाडी त्यांच्या गॅरेजला लागते आणि ब्रेक ऑइल बदललं जातं, जुनं बरं दिसत असलं तरी. कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्याकडे ओलाव्याला काय तोटा, चार महिने तर भिंतीला बुरशी येते. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल नवं कोरं असताना 230 डिग्रीच्या वर उकळतं. तेच पाणी पिऊन बसलं की मर्यादा 155 वर येते. रोजच्या गाडीत फरक कळत नाही. ट्रॅकवर मात्र दर मिनिटाला जोरात ब्रेक, ऑइल तापतं, आत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो पण ब्रेक लागत नाही, पॅडल सरळ खाली. भाऊ फळीवरची अर्धी उघडी बाटली कधी वापरत नाहीत. सीलबंद डबा, उघडला की संपवायचा, उरलं तर फेकायचं. "हजाराचं ऑइल वाचवून पोलीस पाटलाला कोण बोलावणार," असं त्यांचं म्हणणं.

(दृश्य: पिट लेन. भाऊ टायरला गेज लावतायत. जवळून: तापलेली डिस्क, निळसर झाक.)

हे बघा, गाडी आत आली. शेवटचा लॅप हळू मारलाय, ब्रेक थंड व्हावेत म्हणून. हँडब्रेक ओढायचा नाही, लालभडक डिस्कवर पॅड दाबून ठेवला की तिथेच चिकटतो, मग गाडी चालवताना स्टिअरिंग थरथरतं. गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड. भाऊ त्यासाठी घरून जांभ्याचे दोन तुकडे आणतात, कोइम्बतूरला काय दगड मिळत नाहीत? पण नाही, जांभाच पाहिजे. टायरचं प्रेशर चार-पाच पीएसआय वाढलेलं असतं, ते कमी करायचं, पाणी प्यायचं, परत जायचं.

आणि कुडाळच्या मॅडमनी इथेच सगळ्यांना गप्प केलं. शाळेत गणित शिकवतात. पहिल्या सेशननंतर ऑक्टाव्हियावाला सांगत होता की मी वळणाआधी इतक्या इतक्याला ब्रेक मारला आणि तरी बाहेर गेलो, तर मॅडम म्हणाल्या, "वेग दुप्पट केलास तर थांबायला चौपट जागा लागते, दुप्पट नाही. सातवीच्या पोराला कळतं." त्याला ते माहीत नव्हतं असं नाही. पण तोपर्यंत ते पुस्तकात होतं. गाडी ब्रेक दाबूनही सरळच निघाली, वाळूत गेली, आणि त्या वाळूच्या जागी आरे-वारेचा कठडा धरा. माणूस आतून हलतो.

आमचं तर मत असं झालंय की रस्त्यावर शायनिंग मारणारे बहुतेक लोक ट्रॅकवर कधी गेलेलेच नसतात. आपली गाडी काय करू शकत नाही हे त्यांना माहीतच नसतं. आणि कायद्याचं बोलायचं तर सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली पहिल्यांदाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ट्रॅकवर तो प्रश्न नाही, पण तिथे वेगळी गोम आहे. नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. म्हणजे भिंतीला गाडी लागली तर खर्च आपल्या खिशातून. डॉक्टरांच्या केमनचा एक हेडलाइट केवढ्याला येतो हे त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगायला नकार दिला, वहिनी बघतील म्हणून.

(दृश्य: परत किनारा. तवसाळहून पुढे हेदवी, वेळणेश्वर, गुहागर.)

फेरीबोट तवसाळला लागली की पुढची चक्कर निवांत. हेदवीला थांबायचं, वेळणेश्वरला पोहे, गुहागरला जेवण, सुरमई, सोलकढी, ज्याला चालत नाही त्याला वालाचं बिरडं. गाड्यांच्या भोवती गावातली पोरं जमतात आणि प्रश्न ठरलेला, किती पळते हो? मग मॅडम त्यांना बॉनेटसमोर उभं करून टर्बो म्हणजे काय ते सांगत बसतात आणि जेवण थंड होतं. गतिरोधकांचं वेगळंच प्रकरण. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था, तिच्या मापाने उंची दहा सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर, म्हणजे छान पसरट. आपल्याकडचा म्हणजे कोणीतरी रात्रीत ओतलेला डांबराचा गठ्ठा. प्रत्येकावर तीच कसरत, तिरकी घ्या शेठ.

एक गोष्ट मात्र ग्रुपमध्ये सक्त आहे, वाळूत गाडी घालायची नाही. 2024 च्या डिसेंबर अखेरीस रेवदंड्याच्या किनाऱ्यावर फेरारी फसली आणि शेवटी बैलगाडी लावून ओढून काढली, व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, हसले, आणि पुढच्याच रविवारी कुठेतरी कोणीतरी परत घातलीच. हसण्यापलीकडची बाजू अशी की गुहागर, वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, थंडीतच, म्हणजे नेमक्या पर्यटनाच्या हंगामात. अंडी वाळूखाली असतात, वरून दिसत नाहीत. टायरच्या चाकोरीत पिल्लू पडलं तर समुद्रापर्यंत पोहोचत नाही. आणि खाऱ्या पाण्याने गाडीच्या खालचा पत्रा काय होतो ते भाऊंना विचारा, ते सांगत नाहीत, सरळ टॉर्च घेऊन गाडीखाली झोपवतात.

मुंबईचा नवीन मेंबर गुहागरला जेवताना जरा नाराज होता. एवढी झेडफोर घेऊन आलो आणि दिवसभर चाळीसने, याला काय अर्थ आहे. कोणी त्याच्याशी वाद घातला नाही. भाऊंनी हात धुता धुता विचारलं, ब्रेक ऑइल कधी बदललंय? त्याला आठवेना. मग तिथेच त्याचं नाव जानेवारीच्या कोइम्बतूर यादीत टाकलं आणि गाडी आठवडाभर आधी चिपळूणला आणून लावायला सांगितली.

जानेवारीत बागायतदार येणार नाहीत, मोहोराची फवारणी सोडून हलता येत नाही. एप्रिल-मेला तर त्यांना फोनही करायचा नसतो. पण व्हीटेक जाणार आहे. ती भाचा चालवणार की मुलगी, यावर पावसला सध्या जोरात वाद चालू आहे, आणि काकू मुलीच्या बाजूने आहेत.