आधी घाण ओळखा, मग रिठे भिजवा

मंडळी, घरातली धुणीभांडी नैसर्गिक वस्तूंनी करायची असं ठरवून बरेच जण उत्साहानं किलोभर रिठे आणतात आणि महिन्याभरात पुन्हा पावडरीच्या पुड्याकडे वळतात. कपडे नीट निघत नाहीत, पांढरे पिवळट दिसतात, रिठ्याचं पाणी आंबतं, या तक्रारी खऱ्याच आहेत. अडचण अशी आहे की बाजारातली पावडर एकाच वेळी चार-पाच कामं करते. तेलकटपणा सोडवते, बोअरच्या पाण्यातल्या क्षारांना आवरते, आणि कपड्यावर एक चमक चढवते. रिठा यातलं पहिलंच काम करतो. उरलेली कामं कोणाकडून करून घ्यायची हे ठरवलं नाही, तर रिठा बिचारा नापास होणारच.

रिठ्यात फेस आणणारं द्रव्य असतं ते सॅपोनिन, आणि ते असतं सालीत. काळ्या कडक बीचा धुण्याला काही उपयोग नाही, म्हणून विकत घेताना बिया काढलेलाच रिठा घ्यावा, नाहीतर निम्मे पैसे बियांना जातात. साली वजन करून साधारण 50 ग्रॅम घ्या, एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर 15 ते 20 मिनिटं उकळा. पातेलं दुप्पट मोठं असू द्या. रिठा दुधासारखा उतू जातो आणि शेगडीवर चिकट थर बसतो. कोमट झाल्यावर साली हातानं चांगल्या कुस्करा आणि सुती फडक्यातून गाळा. गाळणं टाळलं तर सालीचे तुकडे कपड्यात अडकून तपकिरी डाग पडतात. कुस्करताना हात डोळ्यांना लावू नका, फार झोंबतं.

हे पाणी बाहेर दोन-तीन दिवसांत आंबतं, कारण त्यात साखरही उतरलेली असते. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. सगळ्यात सोयीचं म्हणजे बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवायचं आणि लागेल तशा वड्या काढायच्या.

बादलीतल्या रोजच्या कपड्यांना या पाण्याचे दोन पेले पुरतात. कपडे अर्धा तास भिजू द्या, मग कॉलर आणि मनगटं हातानं चोळा. मशीनमध्ये 100 मिलिलिटर घाला आणि शक्य असेल तर पाणी कोमट ठेवा. फेस फारसा दिसणार नाही. फेस दिसेना म्हणून आणखी ओतू नका, फेसावरून स्वच्छता मोजता येत नाही. साबणाच्या वडीचं बोअरच्या पाण्याशी पटत नाही, क्षारांशी मिळून तिचा पांढरा साका होतो. रिठ्याचा तसा साका होत नाही. शिवाय रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे रेशीम आणि लोकर त्यात सुखरूप राहतात. पैठणी किंवा शाल रिठ्यात धुण्याची जुनी पद्धत याच कारणानं टिकली. कोणताही अल्कधर्मी साबण त्या धाग्यांना हळूहळू खातो. तरीही जरीची साडी पहिल्यांदा धुताना पदराच्या आतल्या कोपऱ्यावर रंग सुटतो का ते बघाच.

आता पांढऱ्या कपड्यांकडे येऊ. पावडरीत असलेला चमक आणणारा रंगद्रव्याचा अंश उन्हातली अतिनील किरणं शोषून निळसर प्रकाश परत टाकतो, म्हणून सदरा शुभ्र भासतो. रिठ्याकडे वळल्यावर तो थर हळूहळू उतरतो आणि कापडाचा खरा रंग दिसू लागतो. त्याला रिठा मळका धुतो असं समजू नये. पांढऱ्या सुती कपड्यांसाठी धुण्याचा सोडा ठेवा, खायचा सोडा नव्हे. अर्ध्या बादली गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून कपडे अर्धा तास भिजवा आणि भरपूर पाण्यात खळबळून काढा. हातमोजे घाला. रेशीम, लोकर आणि ॲल्युमिनियमची भांडी याच्या जवळ आणू नका. शेवटच्या पाण्यात थोडी नीळ टाकायची आपल्याकडची सवय आजही तितकीच उपयोगी आहे.

हळदीच्या डागाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तो घरोघरी बिघडवला जातो. आमटी सांडली की आपण लगेच साबण चोळतो, आणि डाग क्षणात लाल होतो. हळदीतलं रंगद्रव्य अल्कधर्मी पदार्थात रंग बदलतं, एवढंच त्यामागचं कारण. म्हणून आधी साध्या गार पाण्यानं जेवढं निघेल तेवढं काढा, मग रिठ्याचं पाणी चोळा आणि कपडा ओला असतानाच कडक उन्हात पसरा. हे रंगद्रव्य उन्हात तुटतं. एका उन्हात गेलं नाही तर पुन्हा ओलं करून दुसऱ्या दिवशी टाका. यापुढे डाग काढणारा महागडा पदार्थ आणायची गरज क्वचितच पडते. पावसाळ्यात मात्र हा उपाय लंगडा पडतो, तेव्हा लिंबाचा रस लावून थांबलेलं बरं.

भांड्यांचं सूत्र असं की तेल पाण्यात मिसळण्याआधी काढायचं. कढईतला तेलकट थर जुन्या वर्तमानपत्रानं पुसा किंवा चमचाभर तांदळाचं पीठ भुरभुरून ते तेल शोषू द्या आणि कोरडंच खरवडा. मग रिठ्याचं पाणी आणि काथ्या पुरतात. गरम तेल मोरीत ओतलं की ते पुढे पाइपमध्ये गोठतं आणि महिन्याभरानं प्लंबरला बोलवावं लागतं. प्लॅस्टिकच्या स्पंजऐवजी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी वापरा, ती झिजली तरी मातीतच जाते. रोज पिळून उन्हात वाळवा, नाहीतर वास येतो.

नळावर, किटलीत, बाथरूमच्या टाइल्सवर बसलेला पांढरा थर मात्र रिठ्यालाही सोड्यालाही जुमानत नाही. तो कॅल्शियमचा थर आहे, त्याला आम्लच हवं. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व घाला, फडकं भिजवून नळाला गुंडाळा, 15 मिनिटांनी धुऊन टाका. किटलीत हेच पाणी एकदा उकळून तसंच ठेवावं, मग दोनदा साध्या पाण्यानं धुवावं. इथे एक इशारा जपून ठेवा. आपल्याकडच्या स्वयंपाकघरातला काळा कडप्पा, जुन्या घरांमधली शहाबादी फरशी, कोटा आणि संगमरवर हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड आहेत. लिंबूसत्व पडलं की ते बुडबुडतात, गुळगुळीत पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पुन्हा पॉलिश केल्याशिवाय गुळगुळीतपणा येत नाही. ग्रॅनाइटच्या ओट्याला ही भीती नाही, तरी सांडलं तर पुसून घ्या.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून मोरी साफ करण्याचे व्हिडिओ फार फिरतात. बुडबुडे छान दिसतात, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात आणि उरतं जवळजवळ खारट पाणी. वेगवेगळे वापरा, तर दोघंही कामाचे. ब्लीचिंगचं पाणी मात्र कधीही कुठल्याच आम्लाबरोबर मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरतो.

फळांच्या सालींचं एन्झाइम, म्हणजे साली आंबवून केलेलं साफसफाईचं द्रावण, हेही सध्या जोरात आहे. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, प्लॅस्टिकच्या बाटलीत तीन महिने. सुरुवातीच्या महिन्यात झाकण रोज सैल करा, नाहीतर बाटली फुगून फुटते. काच वापरूच नका. हे द्रावण सौम्य आम्ल आहे, मोरीचा वास आणि टाइल्सचा हलका थर घालवायला चांगलं. त्यावर जंतुनाशक म्हणून विसंबू नका.

शेवटी सांडपाणी. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस आपण सगळ्यांनी पाहिला आहे, त्यात कारखान्यांचं पाणी आहे तसं वस्त्यांचंही आहे. रिठा वापरला म्हणून कितीही ओतायला मोकळीक मिळत नाही. सॅपोनिन माशांना विषारी असतं, पूर्वी मासे पकडायला अशाच वनस्पती वापरत. त्यामुळे रिठ्याचं पाणी टाकीतल्या माशांजवळ किंवा विहिरीत सोडू नका. ते पातळ करून झाडांना चालतं. धुण्याच्या सोड्याचं पाणी मात्र कुंडीत नको. त्यातल्या सोडियमनं काळी माती घट्ट होते आणि पाणी मुरेनासं होतं, तेव्हा ते गटारातच जाऊ द्या.