फुटपट्टी, दोरा आणि न्यूयॉर्क

विषय पत्रिकेत छापलाय, ‘दोन विमानतळांमधलं हवाई अंतर कसं काढतात’. त्याकडे येतोच, त्याआधी आमच्या साडूंची गोष्ट सांगू द्या. ज्यांनी ऐकली असेल त्यांनी चहाचं बघावं.

साडू पहिल्यांदा मुंबईहून न्यूयॉर्कला गेले, लेकाकडे. समोरच्या पडद्यावर बघतात तर विमान चाललंय थेट उत्तरेला. उतरल्या उतरल्या मला फोन. “भूगोल शिकवलात ना हो जन्मभर? अमेरिका पश्चिमेला, मग हा माणूस रशिया कशाला दाखवत होता?” त्यांचा पक्का संशय असा, की मीटर वाढवायला रिक्षावाला वळसा घालतो, त्यातलाच प्रकार. परत आल्यावर नकाशा पसरून फुटपट्टी ठेवली. रेघ गेली अरबस्तान, इजिप्त, सहारा, मग अटलांटिक. “हा बघा सरळ रस्ता!”

दोष साडूंचा नाही, त्या भिंतीवरच्या नकाशाचा. आमच्या शाळेत पृथ्वीचा गोल होता, पण कपाटात, कुलूप लावून. दिवाळीच्या सुट्टीआधी शिपाई तो पुसायला काढायचा. मुलांनी बोट लावलं तर रंग जातो म्हणे! पोरं शिकली सपाट पृथ्वीवर, आणि पेपरात मात्र ‘पृथ्वी गोल आहे हे सिद्ध करा’, गुण चार.

तर मी साडूंसमोर घरचा गोल ठेवला. तीस सेंटिमीटर व्यासाचा, हा इथे आणलाय तोच. आमच्या हिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एक टोक मुंबईवर दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणला. ढिला होता तोवर तो साडूंच्या बाजूने होता. ताणला तसा सरकत सरकत वर चढला. अफगाणिस्तान, रशिया, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक. भरला साडेएकोणतीस सेंटिमीटर. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण 425 किलोमीटर. गुणाकार करा, साडेबारा हजार. साडूंची रेघ भरते 14,200 च्या आसपास. साडू म्हणाले, “दोरा ताणला जातो हो.” याला काय उत्तर देणार!

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बरं, मग भरभर.

प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो. त्याचे अक्षांश-रेखांश घ्या. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग त्यांच्या कोसाइनचा गुणाकार, त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. दोन्हींची बेरीज हा दोन विमानतळांमध्ये पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनाचा कोसाइन. मुंबई-न्यूयॉर्कचा कोन येतो 112.7 अंश. एका अंशाला 111.2 किलोमीटर, म्हणजे सुमारे 12,530. वैमानिक सागरी मैलात मोजतात: अंशाला साठ मैल, मैलाला 1.852 किलोमीटर. जवळच्या गावांना हे सूत्र साध्या कॅल्क्युलेटरवर दगा देतं, कारण कोसाइन एकाला जाऊन चिकटतो. तिथे हॅवरसाइन नावाचं दुसरं सूत्र वापरतात. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्यामुळे चूक राहते, फार तर अर्धा टक्का.

आणि हे झालं कागदावरचं अंतर. प्रत्यक्षात वारा आहे, ठरलेले हवाई मार्ग आहेत, राजकारण आहे. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. दोऱ्याला हे कळत नाही.

भास्कराचार्य राहिलेच. त्यांनी उज्जैन विषुववृत्तापासून पृथ्वीच्या परिघाच्या एक-सोळांश अंतरावर सांगितलं. म्हणजे साडेबावीस अंश. आज मोजतो ते तेवीसच्या जरा पुढे. हो, हो, थांबतो. गोल इथेच आहे, ज्यांना मोजायचं त्यांनी पुढे या. बोट लावा, खुशाल. दोरा तेवढा परत द्या, घरी मोजून घेतात.