घरच्या लेथला थ्री फेज कुठून आणायचं?

(भुसावळ येथे लहान वर्कशॉपवाल्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, भुसावळात बोलतोय म्हणून रेल्वेपासूनच सुरुवात करतो. इथल्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये ज्यांचे हात काळे झाले, त्यांना 'अर्नो' सांगायला नको. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट, पण सिंगल फेज. इंजिनाच्या पोटातल्या ब्लोअरच्या मोटारी मात्र थ्री फेज. म्हणून जुन्या डब्ल्यूएजी-५ इंजिनात एक फिरतं यंत्र असे, तेच अर्नो. सिंगल फेज खायचं आणि थ्री फेज द्यायचं. पुढे त्याची जागा इलेक्ट्रॉनिक स्टॅटिक कन्व्हर्टरने घेतली. तुम्ही लिलावातला थ्री फेज मोटारीचा लेथ घरी आणता आणि मीटर सिंगल फेजचं असतं, तेव्हा तुमच्यापुढेही याच दोन मुख्य वाटा असतात.

पण आधी मोटारीची नेमप्लेट पुसून वाचा. आपल्याकडे दोन एचपीपर्यंतच्या मोटारी बहुधा ४१५ व्होल्ट, स्टार जोडणीच्या, म्हणजे तिन्ही वायंडिंगचं एकेक टोक एकत्र बांधलेलं. त्यांची सहाही टोकं बाहेर असतील तर डेल्टा करा, म्हणजे टोकाला टोक जोडून त्रिकोण करा; मग २३० व्होल्टवर त्या जवळपास पूर्ण ताकद देतात. तीनच टोकं असतील तर वायंडरकडे न्या, तो आतला स्टार फोडून उरलेली तीन काढून देतो. तीन एचपी आणि त्यापुढच्या मोटारी बहुतेक ४१५ व्होल्टलाच डेल्टा असतात. तिथे ही युक्ती चालत नाही. रिवायंडिंग करा, नाहीतर व्होल्टेज चढवा.

तिसरी वाट कंडेन्सर लावून तिसरा फेज बनवायची. त्याबद्दल इथल्या केळीवाल्या शेतकऱ्यांना काय सांगणार! दोन फेजवर विहिरीची मोटार ओढायची विद्या त्यांच्याकडूनच शिकावी. २३० व्होल्टच्या डेल्टा मोटारीला किलोवॅटमागे ७० मायक्रोफॅरड हा अंदाज धरतात. ताकद मात्र दोन तृतीयांशाच्या आसपास, आणि लोड बदलला की फेजचा तोल जातो. ड्रिलला ठीक. लेथवर खोल काप घेणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

एकच लेथ किंवा मिलिंग असेल तर माझं मत सरळ ड्राइव्हला, म्हणजे सिंगल फेज घेऊन मोटारीला थ्री फेज देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक व्हीएफडीला. मोटार झटका न देता सुरू होते, वेग हवा तसा मिळतो. पण तीन एचपीचा ड्राइव्ह सिंगल फेजमधून २४ अँपिअरपर्यंत ओढू शकतो. १६ अँपिअरच्या प्लगवर तो लावणं म्हणजे प्लग जाळणं. वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग हवं. ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामध्ये मशीनचा जुना स्टार्टर ठेवू नका. चालू-बंद ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवरून करा. वेग फार उतरवला तर मोटारीचा स्वतःचा पंखाही मंदावतो आणि ती तापते. अशा वेळी गिअर किंवा पट्टा बदलावा. आणि काम पकडणारा चक आट्यांवर बसणारा असेल तर झटपट ब्रेक किंवा उलटा फेरा देऊ नका. चक सुटून अंगावर येतो.

मशीन चार-पाच असतील तर प्रत्येकाला ड्राइव्ह घेणं परवडत नाही. तिथे अर्नोचा घरगुती भाऊ बरा. सर्वांत मोठ्या मोटारीपेक्षा दीड-दोनपट मोठी मोटार मोकळी फिरवायची आणि तिच्यातून तिसरा फेज घ्यायचा. ४१५ व्होल्ट हवे तर या मोटारीच्या आधी व्होल्टेज चढवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. आवाज मात्र सोसावा लागतो. शेजाऱ्यांना विचारून घ्या.

आता महावितरण. खांबावर थ्री फेज आलं असेल आणि तुम्ही गिऱ्हाइकांची कामं घेत असाल, तर औद्योगिक कनेक्शनच मागा. घरगुती मीटरवर धंदा चालवला तर २००३ च्या वीज कायद्याचं कलम १२६ लागू शकतं आणि मग आकारणी दुप्पट दराने होते. डीपी, म्हणजे महावितरणचा ट्रान्सफॉर्मर, लांब असेल तर खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि मगच ड्राइव्हच्या किमतीशी तुलना करा.

मागून कुणीतरी विचारतंय, "भो, थ्री फेज वेल्डिंग चालेल का ड्राइव्हवर?" नाही चालणार. ड्राइव्ह मोटारीसाठीच असतो. वेल्डिंगला सिंगल फेजवरचं इन्व्हर्टर मशीन घ्या आणि तो थ्री फेज वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर विकून टाका, तांब्याचा असेल तर भावही बरा येईल.