कार्पेट किती, हे विचारून झालं. आता मेंटेनन्सचं विचारा

चाळीच्या पुनर्विकासाची सभा गिरगावात असो की लालबागला, पहिला प्रश्न ठरलेला असतो : कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती मिळणार? महिन्याचा मेंटेनन्स किती येणार, हे मात्र शेवटी, निम्मे लोक उठून गेल्यावर एखादी बाई विचारते. मला आज त्या बाईच्या प्रश्नावर बोलायचं आहे.

१९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. टंचाईच्या काळात भाडेकरूला त्याचा आधार झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण भाडं थांबलं तरी लाकूड, लोखंड, गवंड्याची मजुरी काही थांबली नाही. मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतलं आणि खोली हातबदल होताना नवा भाडेकरू जी एकरकमी पागडी मोजायचा, तिच्यातला वाटा तेवढा घेत राहिले. इमारती पडायला लागल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, दुरुस्तीसाठी उपकर, म्हणजे सेस बसला. आपण ज्यांना ‘सेस बिल्डिंग’ म्हणतो, त्या सुरुवातीला १९,६४२ होत्या.

पुढे विकास नियंत्रण नियमावलीत सेस इमारतींच्या पुनर्विकासाचं कलम ३३(७) आलं. भाडेकरूला नवं घर फुकट, किमान ३०० चौरस फूट, आणि त्याच्या बदल्यात विकासकाला जादा एफएसआय (त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी). म्हणजे तुमच्या घराचा खर्च शेजारच्या सेल विंगमधला, म्हणजे विक्रीच्या इमारतीतला ग्राहक भरतो. जिथे त्या घरांना भाव आहे तिथे विकासक रांग लावतात. अरुंद गल्लीतल्या छोट्या प्लॉटकडे कुणी फिरकत नाही. अशा गल्ल्या एकत्र घेऊन क्लस्टर करण्यासाठी कलम ३३(९) आहे. भेंडी बाजारात एका ट्रस्टने सुमारे अडीचशे इमारती एकत्र घेऊन ते करायला घेतलं, पण एवढी जमवाजमव सगळीकडे कोण करणार?

बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींचा हिशेब वेगळा, कारण तिथे मालक सरकार. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. चांगलंच झालं. संडाससाठी गॅलरीत रांग लावणाऱ्याला ‘चाळ संस्कृती’चे गोडवे ऐकवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते गोडवे बहुतेक उपनगरात राहायला गेलेलेच गातात.

आता उंचीकडे या. चार मजल्यांच्या चाळीत जिना असतो आणि जिन्याला वीजबिल येत नाही. टॉवर झाला की लिफ्ट, पंप, जनरेटर, आग विझवायची यंत्रणा, वॉचमन. यातलं एकही बंद ठेवून चालत नाही. विकासक म्हणतो, काळजी नको, कॉर्पस देतोय, म्हणजे एकरकमी पैसे, ज्यांच्या व्याजातून मेंटेनन्स भागवायचा. समजा, घरटी पाच लाख मिळाले आणि सात टक्के व्याज धरलं. वर्षाला ३५ हजार, म्हणजे महिन्याला तीन हजारसुद्धा नाहीत. सुरुवातीला निभेल. पण हे व्याज दरवर्षी तेवढंच राहणार आणि वॉचमनचा पगार वाढणार. शिवाय कॉर्पस हातात पडला की पहिला फर्निचरवर जातो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पंधरा-वीस वर्षांनी लिफ्ट बदलायची वेळ येते तेव्हा घरात दोन पेन्शनर उरलेले असतात. मग घर भाड्याने देऊन ते विरार नाहीतर बदलापूर गाठतात. कागदावर त्यांचं पुनर्वसन गिरगावातच झालेलं असतं.

म्हणून मी तर म्हणतो, वीस-तीस फूट कमी घ्या आणि कॉर्पस वाढवून मागा. तो हातात न घेता सोसायटीच्या नावे ठेवा, मुद्दल मोडता येणार नाही अशी अट घाला. रिहॅब (जुन्या भाडेकरूंची घरं) आणि सेलची सोसायटी एक होणार की दोन, हे करारातच लिहून घ्या. एक झाली तर स्विमिंग पूलचा खर्च तुमच्याही माथी येईल. दोन झाल्या तर पंप आणि टाक्या कुणाच्या ताब्यात, यावर भांडणं होतील. दोन्हींत तोटे आहेत, पण कुठला तोटा पत्करायचा ते खोली रिकामी करण्याआधी ठरवता येतं. एकदा संक्रमण शिबिरात, म्हणजे बांधकाम होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरात गेलात, की फोन तुम्ही करायचा आणि उचलायचा की नाही ते विकासकाने ठरवायचं.